विहिरीत 'हो' चालत नाही

फोनवर समोरचं माणूस नुसतं 'हो' म्हणालं की मला भीती वाटते. 'हो हो, समजलं' म्हणालं तर जास्तच. मग मी विचारते, काय समजलं ते सांगा. लोक चिडतात. मैत्रिणी म्हणतात, तू आता मास्तरीण झालीस. होऊ दे. ही भीती मला पवनारजवळच्या एका शेतातल्या विहिरीनं लावली आहे. त्या विहिरीत मी नव्हते, माझा भाऊ होता. आणि तो माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून खाली उतरला होता.

आमचं घर सिंदी मेघेला. घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं फार. बाबा कामगारांच्या चळवळीतले. वाटून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली असायचे, डब्यांच्या तळाशी असायचे, आमच्या वह्यांच्या कव्हरांवर असायचे. माझ्या भूगोलाच्या वहीवर किमान वेतनाची मागणी होती. पहिलीत मला 'कमळ' वाचता यायच्या आधी 'जाहीर' वाचता येत होतं. पुढे मी स्वतः पत्रकं लिहायला लागले तेव्हा बाबांनी एकच गोष्ट शिकवली. वाक्याला दोन सारखे पाय पाहिजेत, म्हणजे ते चालतं. बस स्टँडवर उभ्याउभ्या वाचलेलं वाक्य माणसाला घरी जाऊन बायकोला म्हणून दाखवता आलं पाहिजे. मी ते चांगलं शिकले. फारच चांगलं.

आजोबा पत्रकांच्या बाहेरचे. त्यांनी आयुष्यभर विहिरी खोदल्या आणि विहिरींचा गाळ काढला. आता ऐंशीच्या आसपास आहेत. नक्की त्यांनाही माहीत नाही. त्यांना आम्ही आबाजी म्हणतो. जमिनीवर आबाजी बोलायला लागले की थांबत नाहीत. कुठल्या गावाला कुणाच्या घरी भाकरीसोबत काय वाढलं होतं इथून सुरुवात होते, आणि मुद्दा येईपर्यंत ऐकणारा उठून गेलेला असतो. पण हेच आबाजी विहिरीच्या काठावर एका वेळी एकच शब्द बोलतात. लहानपणी मी त्यांच्यामागे जायची तेव्हा मला वाटायचं, विहीर दिसली की यांना दुसरंच वारं लागतं.

कारण साधं आहे. खोल विहिरीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो. वरून लांब वाक्य टाकलं तर खालच्याला नुसता गोंगाट ऐकू येतो. म्हणून एक शब्द टाकायचा आणि थांबायचं. खालच्यानं तोच शब्द परत वर पाठवायचा. वरून 'दोर' म्हटलं की खालून 'दोर' आलं पाहिजे. 'उभा' म्हटलं की 'उभा'. खालून 'हो' आलं तर ते उत्तर धरायचं नाही. हा नियम त्यांनी दादाला शिकवला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो आता आबाजींचंच काम करतो, दोन साथीदार घेऊन. मला मात्र तो नियम गंमत वाटायचा, खेळातल्यासारखा.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला शेजारच्या तालुक्यात गाळ काढताना दोन मजूर विहिरीत गुदमरून गेले. एक खाली पडला, दुसरा त्याला काढायला उतरला. कमरेला दोर नव्हता. ठेकेदारानं सांगितलं, त्यांनीच हयगय केली. ते ऐकून माझं डोकं फिरलं. मेलेल्या माणसावर ढकललेली हयगय मी लहानपणापासून पत्रकांत वाचत आले आहे. मी ठरवलं, पत्रक काढायचं. मागण्या तर लिहायच्याच, पण उतरणाऱ्या माणसानं काय पाहावं तेही लिहायचं. आणि ते विचारायला घरातच माणूस होतं.

एका दुपारी मी आबाजींसमोर मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. ते दीड तास बोलले. मी त्यातून पाच मुद्दे काढले. दिव्याचा मुद्दा सगळ्यात वर होता. उतरायच्या आधी दोराला बांधून कंदील खाली सोडायचा. विझला तर आत हवा नाही, उतरायचं नाही. रात्री मी ते लिहायला बसले आणि माझ्या हातानं सवयीनं दुसरा पाय जोडला.

'दिवा विझला तर पाऊल मागे, दिवा तेवला तर निर्धास्त आत.'

बाबांनी वाचलं आणि म्हणाले, "हे चालन." पाचशे पत्रकं छापली. नालवाडीपासून पवनारपर्यंत आणि पलीकडच्या गावांत वाटली. दादानं एक पत्रक त्याच्या गाडीच्या काचेला आतून चिकटवलं. मला फार बरं वाटलं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

आबाजींना वाचता येत नाही. मी त्यांना ते वाचून दाखवलं नाही. त्यांनीच तर सांगितलं होतं, असं मला वाटलं.

पवनारजवळची ती विहीर आबाजींनीच तरुणपणी खोदलेली. शेतमालकानं दादाला गाळ काढायला बोलावलं तेव्हा आबाजी म्हणाले, मी येतो, पाहतो कशी आहे ती. एखाद्या जुन्या सोयऱ्याकडे जावं तसे ते धोतर बदलून निघाले. मी फोटोसाठी गेले. दुसरं पत्रक काढायचं होतं, त्यावर दोर बांधलेल्या माणसाचा फोटो हवा होता.

सकाळचे दहा वाजले असतील, पण ऊन चटके द्यायला लागलं होतं. आबाजी आणि शेतमालक बाभळीखाली चहा घेत बसले. मी काठावर उभी. विहीर पन्नास फूट तरी खोल असेल. तळाशी काळं पाणी घोट्याएवढं उरलं होतं. बाकीचं उपसून काढलेलं. दादानं कंदील सोडला. तो डुलत डुलत खाली गेला आणि तळाशी पिवळा, शांत जळत राहिला.

"पाह्य लेखिकाबाई," दादा मला म्हणाला, "दिवा तेवला तर?"

"निर्धास्त आत," त्याचे दोघे साथीदार एका सुरात म्हणाले. त्यांना पाठ होतं.

"दोर बांध," मी म्हटलं.

"गाळाच्या विहिरीत दोर कायले लागते? कड्या आहेत ना उतराले."

"फोटोसाठी बांध."

"मंग असं म्हण. फोटोसाठी तं टाय पण बांधतो." त्यानं छातीभोवती दोर बांधला, साथीदारांनी तो कप्पीवरून घेतला, आणि दादा भिंतीतल्या लोखंडी कड्या धरून खाली गेला. मी चार फोटो काढले. चौथ्या फोटोत त्याचं डोकं एवढंसं दिसतं.

तो खाली पोचल्यावर मी ओरडून विचारलं, "दादा, गाळ किती आहे, आणि तुला तिथं नीट दिसतंय का?" माझं वाक्य भिंतींवर आपटत गेलं. खालून "हो" आलं. मी निश्चिंत झाले. काय विचारलं आणि काय उत्तर आलं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

बाभळीखाली शेतमालक सांगत होता. मला अर्धवट ऐकू येत होतं. पाणी लई होतं बावा, वरून पंपानं उचललं नाई. मंग काल इंजिन आतच उतरवलं, त्या मधल्या दगडावर ठेवलं, आज पहाटेपर्यंत चाललं. आत्ताच वर काढलं, तुम्ही यायच्या घटकाभर आधी.

कप बशीवर आपटल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं तर आबाजी उठले होते. ते एवढ्या लवकर उठू शकतात हे मला माहीत नव्हतं. काठी टेकत ते काठावर आले, माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि वाकून एक शब्द खाली टाकला.

"उभा?"

थोडा वेळ काही नाही. मग खालून आवाज आला. "हो."

"ओढा," आबाजी म्हणाले.

साथीदारांपैकी एकजण हसला. "आबाजी, तो हो म्हणते ना."

"त्यानं 'उभा' नाई म्हटलं. ओढा."

"आत्ताच तं गेला बिचारा, टोपलंबी नाई भरलं..."

आबाजी पुन्हा वाकले. "उभा?"

या वेळी 'हो'सुद्धा आलं नाही. काहीतरी आलं, झोपेत माणूस बोलतो तसं. मी खाली पाहिलं. कंदील तसाच जळत होता. पिवळा, शांत. त्याच्या उजेडात दादा गुडघ्यांवर बसलेला दिसला. एक हात भिंतीवर होता आणि तो भिंतीला कडी शोधत असल्यासारखा चाचपत होता, जिथं कडी नव्हती तिथं.

त्या दिव्याची मला अजून भीती वाटते. तो विझला असता तर मी ओरडले असते. तो विझला नाही.

साथीदारांनी दोर ओढायला सुरुवात केली. दादा उचलला गेला, सुटलेल्या पोत्यासारखा. मान खाली. दहा-पंधरा फूट वर आला आणि दोर अडकला. भिंतीतून पिंपळाचं मूळ बाहेर आलं होतं, त्याच्यामागे. दोघांनी झटका दिला, दोर सुटेना. दादा तिथंच लटकत राहिला, हळूहळू गोल फिरत.

मी काय केलं ते मला नंतर सांगण्यात आलं. मी चप्पल काढली आणि पहिल्या कडीवर पाय ठेवला. मला आठवतं ते छातीवर आडव्या आलेल्या काठीपासून. आबाजींनी ती दोन्ही हातांनी धरली होती आणि त्यांचे हात थरथरत होते.

"नाई," ते म्हणाले.

"आबाजी, सोडा मला, तो..."

"नाई."

मी त्यांना ढकललं. ऐंशी वर्षांच्या माणसाला मी ढकललं, विहिरीच्या काठावर. ते हलले नाहीत. मग ते साथीदारांकडे वळले. "सोडा," म्हणाले. ते दोघं त्यांच्याकडे पाहतच राहिले. मीही. सोडा म्हणजे काय, त्याला परत खाली? आबाजींनी हातानं दाखवलं, एवढंच, हातभर. "सोडा. डावीकडं. ओढा." तीन शब्द, तीन वेळा थांबून. पहिला शब्द त्यांनी साथीदारांकडून म्हणवून घेतला. "सोडा," ते दोघं म्हणाले, आणि दोर हातभर ढिला केला. "डावीकडं." दोघं डावीकडे सरकले. "ओढा." दोर मुळावरून निसटला.

या सगळ्याला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मोबाइलवर चौथ्या फोटोची वेळ आहे आणि अँब्युलन्सला केलेल्या फोनची वेळ आहे. त्यांच्यात नऊ मिनिटं आहेत. मला ती खरी वाटत नाहीत.

दादा वर आला तेव्हा श्वास चालू होता. चेहरा लाल होता, आजारी माणसासारखा अजिबात नाही. त्यानं ओकारी काढली आणि डोळे उघडले. पण तो मला ओळखत नव्हता. त्यानं मला काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. घरातल्या कुणालाही मी ते सांगितलेलं नाही.

दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, इंजिनाच्या धुराचा वायू आहे. त्याला वास नाही, रंग नाही. त्यात दिवा मजेत जळतो आणि माणूस पडतो. मी विचारलं, "मग दिवा बघण्यात काही अर्थ नाही?" ते म्हणाले, "विझला तर अर्थ आहे. उतरू नका. जळत राहिला, तर त्यावरून काहीच कळत नाही."

म्हणजे माझ्या वाक्याचा पहिला पाय खरा होता. दुसरा मी बनवला होता, वाक्य लंगडू नये म्हणून.

संध्याकाळी दादा शुद्धीवर आला. डोकं दुखत होतं, पाय थरथरत होते, पण तो तोच होता. "फोटो आला का चांगला?" त्यानं विचारलं. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि रेकॉर्डिंग लावलं. दीड तासाचं. मला खात्री करायची होती की आबाजींनी मला इंजिनाचं सांगितलं नव्हतं. मला खरोखर तशी आशा होती.

त्यांनी सांगितलं होतं. भाकरी आणि वाढलेल्या भाजीच्या नंतर, एका गावात पहिलं इंजिन आलं त्याची गोष्ट होती. लोकांनी इंजिनाला हार घातला, हळदकुंकू लावलं, आणि विहिरीत मधल्या कपारीवर बसवलं. मालक फार फुशारला होता. मग आबाजींचा आवाज थोडा खाली गेला. "त्या दिवशी दिवा चांगला जळत होता बेटा. इंजिन चाललेल्या विहिरीत दिवा खोटं बोलते. माहा लहान भाऊ..." आणि इथं माझा आवाज आहे, स्वच्छ, घाईतला. "हो आबाजी, हो, समजलं. मुद्द्यावर या ना."

त्यांनी थोडा वेळ घेतला, आणि मुद्द्यावर आले. दोर कसा बांधायचा ते सांगू लागले.

मला माहीत होतं की आबाजींना एक लहान भाऊ होता. तो तरुणपणी वारला एवढंच घरात माहीत होतं, विहिरीत वारला हे नाही. काठावर त्यांनी माझ्यापुढे काठी का आडवी धरली, आणि ती धरताना त्यांचे हात का थरथरत होते, ते मला त्या व्हरांड्यात कळलं. त्यांच्या भावाच्या मागे ते स्वतः उतरले नव्हते. त्यांना कुणीतरी अडवलं असेल, किंवा त्यांनी स्वतःला अडवलं असेल. साठ वर्षं गावानं काय म्हटलं असेल ते मी विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

ते बाकावर बसले होते. मी शेजारी बसले आणि त्यांना ते पत्रकातलं वाक्य पहिल्यांदा म्हणून दाखवलं. सगळं, दोन्ही पाय. त्यांनी ऐकलं.

"हे मी नाई सांगतलं," ते म्हणाले.

"नाही. मी लिहिलं."

मला वाटलं, ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते काठीच्या टोकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "चूक माहीबी आहे. विहिरीत उतरणाऱ्याकडून मी शब्द परत म्हणवून घेतो. तुह्याकडून नाई घेतला. तू हो म्हणत होती, मी पुढं जात होतो. घरात बसलो होतो ना. वाटलं, इथं कायची भीती."

आणि पुढे म्हणाले, "मीबी लई लांबण लावतो. जे सांगाचं त्याच्या आजूबाजूनं फिरतो. ते एकदम तोंडातून निघत नाई, बेटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला नवीन मजकूर सांगितला. दादाच्या खाटेशी बसून, विहिरीच्या काठावरच्या आवाजात, एकेक ओळ. दिवा विझला, उतरू नका. दिवा जळला, तरी खात्री नाही. आत इंजिन चाललं, तर उतरू नका. कमरेला, छातीला दोर. वरच्यानं शब्द द्यावा, खालच्यानं तोच परत द्यावा. 'हो' आलं, तर ओढा. एक पडला, तर दुसऱ्यानं उतरू नये. प्रत्येक ओळ त्यांनी माझ्याकडून म्हणवून घेतली. शेवटची ओळ मला दोनदा म्हणावी लागली. बाबांनी वाचून सांगितलं की याला चाल नाही. मी म्हटलं, नको आहे.

पण माझ्या डोळ्यांपुढे ती पाचशे जुनी पत्रकं होती. मी ती किती आनंदानं वाटली होती. गावोगाव फिरून मी ती परत गोळा करायला लागले. मिळाली तिथं फाडली, चिकटवली होती तिथं त्या ओळीवर काळी शाई फिरवून नवीन पत्रक लावलं. विहारात, चहाच्या टपरीवर, पंपाच्या खोल्यांच्या दारांवर. मोजली नाहीत, कारण मोजली तर राहिलेली कळतील.

शेवटी एका शेतात एक माणूस भेटला, चाळिशीचा, पंपाच्या खोलीत बसलेला. त्याच्याकडे माझं पत्रक नव्हतं. कुठं गेलं माहीत नाही, म्हणाला. "पण मले पाठ आहे ताई. दिवा विझला तर पाऊल मागे, दिवा तेवला तर..." त्यानं ते गाण्यासारखं म्हटलं, अभिमानानं. "आमच्या पोट्ट्यायलेबी शिकवलं."

कागद फाडता येतो. मी उन्हात वळून पाहिलं. त्याच्या शेतात विहीर होती. विहिरीच्या काठावर इंजिन होतं.

मी त्याला सगळं सांगितलं. दादाचं सांगितलं. आबाजींच्या भावाचंही सांगितलं, जे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. तो गंभीर झाला. मान हलवत राहिला. नवीन पत्रक त्यानं घडी करून खिशात ठेवलं.

"हो हो ताई. समजलं."

मी गेले नाही. "हो नको, भाऊ," मी म्हटलं. "म्हणून दाखवा."

तो हसला, मग माझ्याकडे पाहून हसायचा थांबला. "दिवा विझला, उतरू नका," म्हणाला. मग थांबला. पुढची ओळ आठवेना. ओठांवर जुनीच येत होती, मला दिसत होतं. तो ती गिळत होता. पत्रक काढायला त्यानं खिशाकडे हात नेला, तर मी मान हलवून नको म्हटलं.

लांब कुठंतरी एक इंजिन चालू होतं. मी त्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहिले.